जास्तीचे शॉट

१० नोव्हेंबर, सोमवार

मशीन आलं. चिराग स्वतः वाशीहून गाडीत घालून घेऊन आला आणि चार माणसांनी ते पार्लरच्या आतल्या खोलीत ढकललं. ही डायरीही त्याच्याच कंपनीची. म्हणाला, "नूतनबेन, इसमें रोज का शॉट लिखने का." मशीन भाड्याचं आहे. आतला दिवा ठरावीक शॉट मारून संपतो, म्हणून पडद्यावर एक आकडा सारखा पुढे सरकत असतो. कोणी मारला, कशाला मारला, त्याला काही घेणं नाही.

काम सोपं दिसलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला थंड जेल, मग हातातला ठोकळा गालावर टेकवून बटण दाबायचं, झाला एक शॉट. खोलीभर लख्ख उजेड पडतो. रबर फटकन बसावा एवढं लागतं. डाग जातात, कातडी घट्ट होते, बाई पाच वर्षांनी लहान दिसते. मी विचारलं, दहा का नाही? तर चिराग नुसता हसला. हसून उत्तर टाळणारी माणसं मला आवडत नाहीत.

तरी मशीन घेतलं. अख्ख्या श्रीवर्धनात असलं दुसरं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मशीनसाठी मुलगी ठेवली. निदा, वाळवटीची, चोवीस वर्षांची. पनवेलला चामडीच्या डॉक्टरकडे दीड वर्ष हेच काम करत होती. सोडलं का, तर म्हणे घरची आठवण यायची. पनवेल काय दुबईला आहे? ब्लाउज असो, कुडता असो, बाही मनगटापर्यंत आणि तिला बटण. बोलते कमी, बघते जास्त.

मागच्या मुलीचा अनुभव गाठीशी आहे. ताई ताई करत माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर उतरवून घेतले आणि दिवेआगरला स्वतःचं पार्लर टाकलं. तेव्हापासून मी कुणाच्या गोड बोलण्यात येत नाही. ही गोडही बोलत नाही, म्हणून जास्त जपून राहायला हवं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि गेलं. बँकेतल्या वहिनी. निदाने त्यांना बसवून सांगितलं, "आधी कानामागे एकच शॉट मारून बघते. दोन दिवस थांबू. काही झालं नाही तर चेहरा करू." वहिनींनी विचारलं, "म्हणजे काही होतं की काय?" आणि पर्स उचलून चालू लागल्या. त्यांना परत आणता आणता माझी दमछाक झाली.

नंतर मी निदाला बजावलं, माझ्या पार्लरमध्ये यापुढे कानामागे काही मारायचं नाही. बाई हौसेने येते, तिला घाबरवायचं नाही.

ती म्हणाली, "मॅडम, मग अंदाज कुणावर घ्यायचा?"

"तो तुझा प्रश्न."

तिने काळा चष्मा पुसून ठेवला. मग म्हणाली, पनवेलला डॉक्टर होते, इथेही एक असायला हवेत. मी म्हटलं, डॉक्टर ठेवला तर तुला कशाला ठेवू?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वहिनींचं आज झालं. चेहऱ्याला चौतीस शॉट लागले, मी दाराआडून मोजले. संध्याकाळी पडद्यावर सदतीस जास्त दिसले. तीन कुठे गेले?

दुसरंही एक. शॉट किती जोराचा मारायचा त्याचा तक्ता चिरागने भिंतीला लावलाय, त्यावर बावीसचा आकडा लाल अक्षरात आहे. "बाईस पे लगाओ, एक बार में रिझल्ट." मी सकाळी मशीन बावीसवर लावून ठेवते आणि ही येऊन चौदा-पंधरावर आणते. विचारलं तर म्हणते, "तो तक्ता आपल्या रंगासाठी नाही, मॅडम." आपला रंग म्हणजे काय? एवढ्या काही आम्ही काळ्या नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज दोन शॉट जास्त.

मला एक गोष्ट आता कळली. ही येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारते, "घरी सुपारी वाळत घातलीय का? किती? कोण उलटतं?" चेहऱ्याच्या कामात सुपारी कुठून आली? मग आठवलं, हिचा मामा सुपारीचा व्यापारी. कुणाच्या अंगणात किती माल आहे ते ही माझ्या खुर्चीत बसवून काढून घेते आणि मामाला पुरवते!

दिवेआगरची गोदूबाई आली होती, घरगुती लॉज चालवते. तिला तर चक्क परत पाठवली. "सुपारी वाळून घरात गेली की मग या." गोदूबाई जाताना मलाच म्हणाली, "मी काय सुपारी इकायला आलते का गो तुझ्याकडं?"

घरी गणराजला सांगितलं तर नवरा म्हणून बाजू घेईल असं वाटलं होतं. तो आमच्या सुपारीच्या वाडीतून येऊन पाय धूत होता. म्हणाला, "तू पोलिसात असतीस तर श्रीवर्धनात चोर ऱ्हायला नसता. मान्सं पन ऱ्हायली नसती."

४ डिसेंबर, गुरुवार

आमची सुपारीही अंगणात आहे. यंदाची खास. वादळात वाडी भुईसपाट झाली, त्यानंतर लावलेल्या झाडांची ही पहिली सुपारी. थोडीच आहे, पण गणराज तिला हात लावायला दुसऱ्या कुणाला देत नाही, फक्त मला. दुपारी जेवायला घरी गेले की मी सगळी उलटून येते. अर्धा-पाऊण तास जातो. वाकून कंबर धरते, तरी करते. त्या वेळी मन शांत असतं.

आज परत आले तर आतल्या खोलीत मशीनचा आवाज. गिऱ्हाईक कोणी नाही. पडदा बाजूला केला तोवर निदा उठून उभी, डावी बाही खाली ओढत. चेहरा पडलेला. बाहीत काय लपवलं? जेलच्या ट्यूबा मोजल्या, सगळ्या होत्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हिची परीक्षा घ्यायची म्हणून आज म्हटलं, "निदा, तुझा न् माझा रंग एकच. एकदा माझाही चेहरा करून टाक. बावीसवर."

तिने माझे गाल निरखून पाहिले. "तुम्ही सुपारी उलटता ना, मॅडम?"

आता माझ्याही अंगणात हिच्या मामाचा डोळा!

"तुला काय करायचंय?" म्हटलं.

"मग बावीस नको. उन्हात असता तुम्ही."

मी उन्हात असते? सकाळी नऊ ते सात या पार्लरमध्ये, पंख्याखाली. समुद्रावर जाऊन मला वर्ष झालं असेल. मालकिणीला असं तोंडावर खोटं पाडणारी मुलगी मी पाहिली नव्हती. संध्याकाळी एक शॉट जास्त.

१८ डिसेंबर, गुरुवार

मोठं काम आलं! सोमजाईच्या रस्त्यावरच्या जहुराभाभी मुलीला घेऊन आल्या. हफ्साचा निकाह अठरा जानेवारीला आहे. वडील, हमीदभाई, त्यासाठी कुवेतहून येणार आहेत. पोरगी देखणी आहे, पण दोन्ही गालांवर जुन्या मुरुमांचे डाग. जहुराभाभी हळू आवाजात म्हणाल्या, "साखरपुड्याला मुलाची फुफी सगळ्यांसमोर बोलली, फोटोत तर गोरी होती. पोरगी तेव्हा हसली. घरी आल्यापासून धड जेवत न्हाय. काहीतरी करा, नूतनभाभी."

हफ्सा खाली मान घालून नखं खरवडत होती. मला तिची खरंच दया आली. माझ्या लग्नात माझ्या रंगावरून काय काय बोललं गेलं ते मी अजून विसरले नाही.

निदाने काय करावं? "आता वेळ कमी आहे, भाभी. लग्नानंतर केलं तर बरं. करायचंच असेल तर हलकं करू, आणि हफ्साने महिनाभर उन्हात जायचं नाही." जहुराभाभी म्हणाल्या, पोरगी घरातच असते. झालं तर मग! मी मध्ये पडून तारीख दिली.

२२ डिसेंबर, सोमवार

हफ्साचं पहिलं झालं. निदाने किती ठेवलं? तेरा. तेराने पापडसुद्धा भाजत नाही. पोरीला काही जाणवलंही नाही. तीन जास्तीचे शॉट आहेतच. शिवाय निदाने आपल्या मोबाइलवर फोटो काढले. माझं गिऱ्हाईक, फोटो हिच्या मोबाइलमध्ये.

३१ डिसेंबर, बुधवार

जहुराभाभींचा फोन. गालात काडीचा फरक नाही. पनवेलला घेऊन जाऊ का, विचारत होत्या. मी कशीबशी समजूत काढली. मग सहज म्हणाल्या, "निदा घरी येऊन गेली ना. बरी पोर हाय."

घरी! मला न सांगता! आता सगळं स्वच्छ झालं. इथे मुद्दाम कमी आकड्यावर काम करायचं, फरक पडू द्यायचा नाही, मग घरी जाऊन बोलणी करायची आणि लग्नाचं काम स्वतः घ्यायचं. दिवेआगरला पार्लर टाकणाऱ्या त्या मुलीनेही एवढी हुशारी केली नव्हती.

काय बोलली म्हणून विचारलं, तर भाभी म्हणाल्या, "हफ्साला सुपारी उलटायला लावू नका म्हनं. मंग उलटनार कोन, मी?" मामाचं राजकारण तिथेही पोचलं.

७ जानेवारी, बुधवार

आज काय ते करून टाकलं. डायरी उघडून तिच्यासमोर ठेवली. सत्तावीस शॉट जास्त. "कुणाला मारलेस?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "मी मारले, मॅडम. कुणाकडून काही घेतलं नाही."

"मग कुणाला मारलेस ते सांग ना!"

ती डाव्या बाहीचं बटण काढायला लागली. डोळ्यांत पाणी. मला वाटलं आता हात पुढे करून शपथा घालणार. म्हटलं, "नाटकं नकोत. चावी ठेव आणि जा."

तिने चावी ठेवली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "हफ्साला बावीस लावू नका. तुमच्या पाया पडते."

माझं गिऱ्हाईक, आणि काळजी हिला!  

८ जानेवारी, गुरुवार

जहुराभाभींना उद्या चारची वेळ दिली. बावीसवर, एका बैठकीत. त्यानंतर लग्नाला नऊ दिवस उरतात, तोवर गाल आरशासारखे होतील.

दुसऱ्याच्या पोरीवर मारण्याआधी स्वतःवर मारून पाहिलेलं बरं, एवढी माणुसकी माझ्यात आहे. निदाचा खोटेपणाही उघडा पडेल आणि लग्नात मीही बरी दिसेन. दुपारी घरी गेले, जेवले, सुपारी उलटली. ऊन छान कडक होतं, आठ दिवसांत माल घरात घेता येईल. तीनला परत येऊन शटर अर्धं ओढलं. तक्त्यात लिहिलंय, ऊन टाळावे. मी काही उन्हात जात नाही. चष्मा लावला आणि आरशासमोर अंदाजाने एकेका गालावर सहा, असे बारा शॉट मारले.

आईशप्पथ सांगते, पहिल्याला ओरडलेच. रबराचा फटका कसला, पेटती काडी टेकवावी तसं झालं. पण म्हटलं, लागतंय म्हणजे काम होतंय. दातांत रुमाल धरून बाकीचे अकरा घेतले.

गाल लालबुंद आहेत. बर्फ लावून बसलेय. डावीकडे जरा जास्तच चरचरतंय. सकाळपर्यंत उतरेल.

९ जानेवारी, शुक्रवार

उतरलं नाही.

दोन्ही गालांवर तपकिरी चौकोन. वहीत पट्टी धरून आखावेत तसे, कडा अगदी सरळ. डावीकडच्या एकावर फोड आलाय. गणराज चहा घेऊन आला तेव्हा मी आरशासमोर होते. काहीतरी चेष्टा करणार होता, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो हसला नाही, हे बघून मला रडू आलं.

पहिला विचार आला तो हाच, की जाता जाता निदाने मशीनमध्ये काहीतरी करून ठेवलं. मी गणराजला म्हटलं, "काढ गाडी. वाळवटीला चल." ओढणीने तोंड बांधून मागे बसले. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते, तिला काय काय सुनवायचं.

निदा ओटीवर तांदूळ निवडत होती. मी ओढणी सोडली. तिने सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन ओलं फडकं आणलं आणि फोडाला धक्का न लावता गालांवर धरलं. मग विचारलं, "किती?"

"बावीस."

"आधी सुपारी उलटली होतीत?"

"रोजच उलटते. आपल्याच तर अंगणात."

"डोक्यावर काय होतं?"

"काय असणार? अंगणात कोण छत्री घेतं? मी काय उन्हात..."

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. गणराज जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "बाराला न्हायतर एकला. दोन म्हयने झाले. उलटायला मीच सांगतो तिला."

तरी मी हट्टाने म्हटलं, "तू मशीनला काही केलंस ना? खरं सांग."

निदाने डाव्या बाहीचं बटण काढलं. बाही कोपरापर्यंत वर केली. या वेळी मी नाटकं म्हटलं नाही.

हातावर पुष्कळ ठिकाणी काहीच नव्हतं. मनगटाच्या वर सहा-सात फिकट चौकोन होते आणि कोपराजवळ एक काळपट, माझ्या गालांवर आहेत तसाच. मग तिने मोबाइल उघडला. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांच्या शेजारी तिच्याच हाताचे फोटो होते, प्रत्येकाखाली आकडा आणि नाव. बँकेतल्या वहिनी, पंधरा. हफ्सा, तेरा.

"कानामागे मारायचं नाही म्हणालात," ती म्हणाली. "मग कुणावर अंदाज घेणार? ज्यांचा रंग माझ्यासारखा, त्यांचा माझ्यावर घेत होते. तेसुद्धा चुकीचंच, ज्याच्या त्याच्या कातडीवरच बघायला हवं. पण काहीच न बघण्यापेक्षा बरं. आमच्याकडे पण सुपारी वाळतेय. उलटून यायची आणि मग मारायची, म्हणजे बरोबर कळतं."

कोपराजवळच्या त्या काळ्या चौकोनाच्या फोटोखाली लिहिलं होतं, नूतन मॅडम, बावीस, बारा डिसेंबर.

मी विचारलं, आधी का नाही दाखवलास? म्हणाली, "तुम्ही शॉट मोजत होता. दाखवला असता तर म्हणाला असता, फुकट घालवले. आणि हात भाजलेल्या मुलीला मशीनजवळ कोण उभं करेल? परवा दाखवणार होते."

परवा मी तिला चावी ठेवायला सांगितली होती.

जहुराभाभींना तिथूनच फोन केला. आज यायचं नाही, म्हटलं, आणि लग्नापर्यंत मशीन बंद. त्या चिडल्या. का, म्हणून विचारत राहिल्या. मी सांगितलं, "भाभी, मशीन नव्हे, मीच चुकले. हफ्सा रोज सुपारी उलटते का?" त्या म्हणाल्या, "उलटते तर. अंगनातल्या अंगनात. भाईर कुठं सोडते मी तिला?"

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. चार वाजता मी त्या पोरीच्या गालावर बावीस मारणार होते. नऊ दिवसांनी लग्न.

निदा आमच्याबरोबर म्हसळ्यापर्यंत डॉक्टरकडे आली. ते म्हणाले, सहा महिने, कदाचित वर्ष. डाव्या गालावरचं पूर्ण जाईल असं सांगता येत नाही.

१८ जानेवारी, रविवार

निकाहला गेले. जाऊ नये असं फार वाटत होतं, पण गेले, तोंड न झाकता. बायका बघत होत्या. मुलाच्या त्याच फुफीने, आत्याने, विचारलंच, "हे काय झालं?" म्हटलं, "गोरी व्हायला गेले होते." त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

हफ्साला निदाने सजवलं होतं. पार्लरची चावी परत तिच्याकडेच आहे. गालांवरचे डाग पावडरखालून थोडे दिसत होते. हमीदभाईंनी तिला काहीतरी म्हटलं आणि ती मोठ्याने हसली, तेव्हा डाग कुठे आहेत ते शोधावं लागलं. बिर्याणी मात्र तिखट होती, माझे गाल चुरचुरले.

२ फेब्रुवारी, सोमवार

चिराग मशीन परत न्यायला आला. माझं तोंड बघून दोन पावलं मागे सरकला, मग तक्ता भिंतीवरून स्वतःच काढून खिशात घातला. मी तो मागून घेतला. पुढच्या गावात लावायला नको.

पडद्यावरचा आकडा आणि ही डायरी त्याने ताडून पाहिली. "बेन, उनचालीस शॉट का हिसाब नहीं लगता."

"बारा माझ्या तोंडावर आहेत. मोजून घे."

"और सत्ताईस?" त्याने निदाकडे पाहिलं. ती काचा पुसत होती. आवाज बारीक करून म्हणाला, "बेन, ये लडकी ने तो नहीं मारा चोरी से? पूछो तो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्या माणसावर संशय घ्यायचा तर मी घेईन, तू नाही. बस खाली."

त्याला बसवला, चहा मागवला आणि निदाला हाक मारली. ती मोबाइलवरून एकेक वाचत गेली आणि मी डायरीत जिथे नुसतं 'तीन जास्त', 'दोन जास्त' लिहिलं होतं, त्याच्यापुढे नावं भरत गेले. वहिनी, गोदूबाई, हफ्सा. मध्ये बारा डिसेंबर आला तेव्हा ती थांबली, आणि तो सोडून पुढचा वाचायला लागली. मी तिला थांबवलं नाही. तो मी आपणहून लिहिला. नूतन, बावीस, निदाच्या हातावर.